पल्सारचा सिग्नल ज्यांच्या नावाने मोजतात, ते कार्ल जान्स्की कोण होते?

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटीच्या ३० डिश आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पल्सार, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यांचे सिग्नल त्या टिपतात. किती मंद सिग्नल पकडता येतो, हे 'जान्स्की'मध्ये मोजतात.

कार्ल जान्स्की यांचा जन्म १९०५ चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला. १९२८ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये लागले. समुद्रापार रेडिओवरून होणाऱ्या फोनमध्ये खरखर कुठून येते, ते शोधायचं काम मिळालं. त्यांनी फोर्ड गाडीच्या चाकांवर फिरणारा अँटेना उभारला. बरीचशी खरखर वादळी विजांची निघाली. पण एक बारीक आवाज उरलाच. तो दर २३ तास ५६ मिनिटांनी वाढायचा. सूर्य २४ तासांनी डोक्यावर येतो, तारे मात्र चार मिनिटं आधी. म्हणजे आवाज सूर्याचा नव्हता, आकाशगंगेच्या मध्यातून येत होता! १९३३ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं.

पुढच्या शोधासाठी त्यांना ३० मीटरची डिश हवी होती. कंपनीने दुसरंच काम दिलं. १९५० मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले. पल्सार सापडले १९६७ मध्ये, आणि जान्स्की हे अधिकृत एकक झालं १९७३ मध्ये.

आजही दुर्बिणीची क्षमता तपासताना आधी, किती जान्स्कीचा हे ठाऊक असलेल्या स्रोताकडे डिश वळवतात, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. दोन्हींतल्या फरकावरून हिशोब लागतो. बरेच पल्सार तर जान्स्कीच्या हजाराव्या भागात मोजावे लागतात.