गारदी म्हणजे मारेकरी नव्हे!

मराठी माणसाला गारदी हा शब्द ठाऊक आहे तो एका खुनामुळे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला कापले, ध चा मा झाल्याची गोष्ट घरोघर गेली, आणि तेव्हापासून नाटकात, कादंबरीत, कीर्तनात गारदी म्हणजे चार पैशांसाठी धन्याचा गळा कापणारा भाडोत्री एवढाच अर्थ उरला. कटाचा संशय ज्यांच्यावर गेला ते पेशव्यांच्याच घरातले होते. बदनाम झाला तो मात्र गारदी! आज आम्ही ज्या गारद्याविषयी लिहीत आहोत तो या खुनाच्या बारा वर्षे आधीच पानिपतावर संपला होता. त्याचे नाव इब्राहिमखान. पेशव्यांच्या फौजेत तोफ आणि बंदूक यांचे शास्त्र त्याच्याइतके जाणणारा दुसरा सरदार नव्हता.

या माणसाची वाट आमच्या विदर्भातून गेलेली आहे, हे आमच्या वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल? बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. आज एस.टी.ने जाणाऱ्याला ते आडवळणाचे वाटेल. परंतु अठराव्या शतकात या गावाने दोनदा दख्खनचे राजकारण फिरवले. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथेच निजामउल्मुल्काने मुबारिजखानाला लढाईत मारले आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. विजयाची खूण म्हणून त्याने गावाचे नावही बदलून फत्तेखेर्डा केले. लोकांनी ते काही मनावर घेतले नाही. दुसरा प्रसंग डिसेंबर १७५७ चा. त्या प्रसंगात इब्राहिमखान होता, आणि तो मराठ्यांच्या विरुद्ध बाजूला होता.

त्याचे शिक्षण झाले ते फ्रेंचांच्या हाताखाली. १७५१ पासून बुसी हा फ्रेंच सेनापती निजामाच्या पदरी होता. त्याने इकडच्याच माणसांना कवायत शिकवून पलटणी उभ्या केल्या. फ्रेंच गार्द या शब्दाचे आपल्याकडे गारदी झाले. बुसीशी बिनसल्यावर इब्राहिमखान वऱ्हाडात निजामअलीच्या नोकरीत आला. १७५७ च्या अखेरीस दत्ताजी शिंद्याने निजामाचा सरदार रामचंद्र जाधव याला सिंदखेडला कोंडले, तेव्हा त्याला सोडवायला निजामअली इब्राहिमखानाच्या तोफा घेऊन धावला. जाधव सुटला, परंतु मराठी घोडदळाने निजामअलीला चोहोकडून इतके सतावले की त्याला तह करावा लागला. हा तह झाला साखरखेर्ड्याला. पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग किल्ला पेशव्यांना मिळाला.

पेशवा जिंकला. पण जिंकणाऱ्यांनी सिंदखेडच्या रानात काय पाहिले, ते आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. हरलेल्याची तोफ मात्र हरलेली नव्हती.

तोफ म्हणजे नुसती लोखंडाची किंवा पितळेची नळी नव्हे. बार उडाला की आत धगधगती राख राहते. ओल्या बोळ्याने नळी पुसल्याशिवाय दुसरी दारू आत घातली तर गोलंदाजाचाच हात उडतो. म्हणून पाणी लागते, पाण्याला पखाल लागते, पखालीला चामडे कमावणारा लागतो. शोरा, गंधक आणि कोळसा यांचे प्रमाण थोडे चुकले तरी दारू फुसकी निघते. गाड्याला सुतार, चाकाच्या धावेला लोहार, ओढायला बैल आणि बैलामागे माणूस. या यादीतले एक तरी काम शास्त्राने प्रतिष्ठेचे मानले होते काय? ज्यांना लिहितावाचता येत होते त्यांनी लोखंडाला हात लावायचा नाही, आणि ज्यांना लोखंड वितळवता येत होते त्यांनी अक्षराला हात लावायचा नाही, अशी ज्या समाजाची घडी, त्या समाजात तोफेचे शास्त्र वाढणार कसे? देहूरोडच्या डेपोत, खडकीत, वरणगावात, अंबाझरीत आयुष्य काढलेले आमचे वाचक हे आमच्यापेक्षा जास्त चांगले समजू शकतील.

पेशव्यांचा स्वतःचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. सासवडजवळचा मल्हारगड त्याच घराण्याने याच सुमारास बांधला. पण भारी तोफा ओढत नेणे वेगळे आणि हलक्या तोफा पायदळाच्या रांगेबरोबर फिरवून, चकमकी बंदुकांच्या पाळीपाळीच्या माऱ्याने शत्रूला थोपवून धरणे वेगळे. हे दुसरे काम इब्राहिमखानाला येत होते. पुढे निजामअलीने त्याला दूर केले, तेव्हा सदाशिवरावभाऊने संधी साधून त्याला आपल्याकडे घेतले. भाऊच्या अनेक चुका सांगता येतील. ही मात्र त्याची दूरदृष्टी होती, हे मान्य केले पाहिजे.

येथे एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. पेशव्यांकडे आधीपासून मुजफ्फरखान नावाचा गारदी सरदार होता. इब्राहिमखानाला आणल्याने तो बिथरला आणि ऑक्टोबर १७५९ मध्ये पुण्यात भाऊवर मारेकरी घातला गेला. भाऊ वाचला, मुजफ्फरखानाला देहदंड झाला. म्हणजे गारद्यांत मारेकरी नव्हते असे नाही. परंतु एका मुजफ्फरखानावरून आणि एका सुमेरसिंगावरून सर्व गारद्यांचे माप काढायचे असेल, तर मग सरदार घराण्यांतल्या फितुरांवरून सगळ्या सरदारांचे माप का काढत नाहीत?

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत इब्राहिमखानाने आपली किंमत दाखवली. दोन वर्षांपूर्वी ज्या निजामअलीच्या बाजूने त्याच्या तोफा बोलत होत्या, त्याच निजामअलीची फळी त्याने फोडली. साठ लाखांच्या घरातला मुलूख, दौलताबाद आणि असीरगड पेशव्यांकडे आले. या विजयामुळेच उत्तरेची मोहीम भाऊकडे आली. ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा, दोन्हीकडे गारदी तोफा होत्या.

आता पगाराचा मुद्दा. इब्राहिमखान आपल्या माणसांसाठी दरमहा रोख पगार मागत असे आणि त्यासाठी भाऊशी हुज्जत घालत असे. हे दरबारी मंडळींना खटकले. त्यांना सरंजाम होते, जहागिऱ्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांची वतने होती. इतिहासकारांनीही तोच न्याय लावला. गावेच्या गावे खाणारा तो निष्ठावंत, आणि महिन्याच्या महिन्याला हाताच्या कौशल्याचा मोबदला मागणारा तो भाडोत्री! आमच्या वाचकांना हा न्याय ओळखीचा वाटेल. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते कशासाठी? वतनाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर माणसाला बांधून ठेवते, रोख वेतन त्याला मोकळे करते, हे त्यांनी ओळखले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका गोलंदाजाला ते कायद्याच्या भाषेत सांगता आले नसते. पण आपल्या शिपायाच्या पोटाचा हिशेब त्याला कळत होता.

पानिपतावर काय झाले ते काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. तो शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता, म्हणजे शत्रूच्या गोटातला साक्षीदार. त्याच्या आकड्यांप्रमाणे इब्राहिमखानाजवळ दोन हजार स्वार, नऊ हजार बंदूकधारी आणि चाळीस तोफा होत्या. घोडदळाने मोकळ्या मैदानात गनिमी काव्याने लढावे हे मल्हारराव होळकरांचे मत, आणि तोफांच्या आधाराने बांधून लढावे हे इब्राहिमखानाचे. आमच्या मते दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर होती. बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा लोंढा बरोबर घेतल्यावर दोन्हीही निरुपयोगी ठरली. तोफांच्या कोटाआड उपासमार शिरली.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान घोड्यावरून भाऊकडे गेला. मुजरा करून त्याने सांगितले की, रोख पगाराच्या हट्टामुळे आपली माझ्यावर फार दिवस इतराजी आहे. या महिन्यात आपला खजिना लुटला गेला, आम्हाला काहीच मिळाले नाही. तरी हरकत नाही, आज मी माझे काम चोख करून दाखवतो. मग त्याने स्वतःच्या हातात निशाण घेतले, आपल्या तोफा-बंदुका थांबवल्या, दोन पलटणी बगल राखायला वळवल्या आणि उरलेल्या सात पलटणी संगिनी लावून रोहिल्यांवर घातल्या. दमाजी गायकवाडाचे स्वार त्याच्या मदतीला होते. काशीराज म्हणतो की मेलेले आणि जखमी मिळून रोहिल्यांचे आठ हजार माणूस पडले. इब्राहिमखानाच्या सहा पलटणी जवळजवळ संपल्या. त्याला स्वतःला भाल्याच्या आणि गोळीच्या जखमा झाल्या. दुपारनंतर विश्वासराव पडला, भाऊ गर्दीत नाहीसा झाला आणि घोड्यावर असलेले बरेच सरदार निघून गेले. पायदळाला पळायला घोडे नव्हते.

जखमी इब्राहिमखान शुजाउद्दौल्याच्या हाती सापडला. शुजाने त्याला लपवण्याचा प्रयत्न केला. परंतु अब्दालीने मागणी लावून धरली आणि अखेर तो स्वाधीन करावा लागला. यापुढची हकिकत मराठी लोकांत एका रीतीने सांगितली जाते: मुसलमान असून काफरांच्या बाजूने का लढलास असे विचारल्यावर त्याने बाणेदार उत्तर दिले. ऐकायला छान आहे. काशीराजाची हकिकत साधी आहे. अब्दालीने विचारले, तुझ्यासारख्या शूराची ही दशा कशी? तो म्हणाला, नशीब कोणाच्या हातात नसते. माझा धनी मेला, मी जखमी आणि कैदी आहे. वाचलो आणि आपण नोकरीत घेतले, तर भाऊंसाठी जेवढे झटलो तेवढाच आपल्यासाठी झटेन. देशभक्तीच्या व्याख्यानाला हे उत्तर सोयीचे नाही. आम्हाला मात्र तेच खरे वाटते, आणि त्यात कमीपणाही वाटत नाही. निजामअलीकडे, भाऊकडे, जिथे असेल तिथे त्याने काम पूर्ण केले आणि एका धन्याचे खाऊन दुसऱ्याला तोफ विकली नाही.

अब्दालीने त्याला नोकरीत घेतले नाही. वजिराच्या ताब्यात ठेवलेला इब्राहिमखान आठवड्याभरात मेला. मलमपट्टीत विष घालण्याचा हुकूम होता, असे काशीराज लिहितो. गारद्यांच्या त्या महिन्याचा पगार राहिला तो राहिलाच.