'राजसंन्यास'मधील संभाजी आणि इतिहासातील संभाजी

मराठी रंगभूमीने ज्या ऐतिहासिक पुरुषांना वारंवार पाचारण केले, त्यांत छत्रपती संभाजी महाराजांचे स्थान आगळे आहे. राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी निधन झाले, तेव्हा 'राजसंन्यास' अपूर्णच होते. परंतु त्या अपूर्ण नाटकातील संभाजीच पुढील दोन पिढ्यांच्या मनात ठसला. तुळशीच्या मोहात गुंतलेला, राज्यकर्तव्य विसरलेला आणि सर्वनाश समोर उभा राहिल्यावर राजपद म्हणजेच संन्यास होय हे उमगलेला हा नायक आहे. एक मोठा स्वभावदोष आणि उशिरा आलेली जाग, अशी त्याची घडण शोकात्म नायकाच्या साच्याला धरून आहे. नाट्यदृष्ट्या ती प्रभावी आहे याविषयी दुमत संभवत नाही. प्रश्न आहे तो त्या दोषाचा. तो इतिहासातून आला की अन्य कोठून?

या प्रश्नाचा माग काढू गेल्यास आपण मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीपाशी येऊन पोहोचतो. ही बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध झाली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिले होते, ही गोष्ट ती वाचताना नजरेआड करता येत नाही. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासाने हेच चित्र पुढे नेले आणि नाटककारांच्या हाती ते जवळजवळ तयार स्वरूपात आले. तुळशीला समकालीन साधनांचा आधार नाही.

संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. दोन वर्षांचे असतानाच मातोश्री सईबाई वारल्या. पुरंदरच्या तहानंतर, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांच्या नावे मोगलांची पाच हजारी मनसब झाली. नवव्या वर्षी ते पित्यासह आग्र्यास गेले आणि सुटकेनंतर काही काळ त्यांना मथुरेस परक्यांच्या घरी राहावे लागले. १६७४ च्या राज्याभिषेकात ते युवराज झाले आणि त्याच महिन्यात जिजाबाईंचे छत्र हरपले. संस्कृतचे त्यांचे अध्ययन 'बुधभूषण' या ग्रंथाने सिद्ध होते. एवढ्या लहान वयात एवढे स्थलांतर आणि एवढे वियोग सोसलेल्या मुलाचे मन नाटककारास आव्हान ठरावे. वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) मध्ये ते काही अंशी पेलले. गडकऱ्यांना मात्र ते नको होते.

चरित्रातील खरा अवघड प्रसंग डिसेंबर १६७८ चा आहे. युवराज दिलेरखानास जाऊन मिळाले. एप्रिल १६७९ मध्ये भूपाळगड पडला आणि सातशे कैद्यांचा एकेक हात तोडण्यात आला. त्या वेळी ते मोगलांच्या छावणीत होते. वर्ष संपता संपता विजापूरमार्गे ते पन्हाळ्यास परतले. जानेवारी १६८० मध्ये तेथे पितापुत्रांची भेट झाली. ३ एप्रिलला शिवाजी महाराज निवर्तले. पुन्हा भेट नाही. शोकात्मिकेस लागणारी सामग्री येथे आहे. त्यासाठी कल्पित प्रेयसीची गरज नव्हती.

रायगडावर सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो प्रभृतींनी राजारामांस गादीवर बसविले. सेनापती हंबीरराव मोहिते, जे सोयराबाईंचे सख्खे बंधू, ते संभाजी महाराजांच्या पक्षास मिळाले आणि बेत फसला. बखर म्हणते की सावत्र आईस भिंतीत चिणून मारले. परंतु ऑगस्ट १६८० च्या बाकरे दानपत्रात महाराज तिच्या निर्मळ अंतःकरणाची प्रशंसा करतात आणि तिचा मृत्यू १६८१ मध्ये झाल्याचे दिसते. चिणण्याची कथा येथेच संपते. १६८१ मधील देहान्त शासनांची गोष्ट मात्र तशी नाही. शाहजादा अकबर आश्रयास आला असता कारस्थानी मंडळींनी त्याच्याशी संधान बांधले, ते उघडकीस आले आणि अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, हिरोजी फर्जंद यांना मृत्युदंड झाला. राजद्रोहाची ही शिक्षा तत्कालीन न्यायास धरून होती, हे मान्य केले तरी थोरल्या महाराजांची जुनी माणसे गेली आणि कवी कलशावरील भार वाढला, हा परिणाम उरतोच. येथे मोहाचा नव्हे, तर निर्णयाचा प्रश्न आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ पुढे याच राजाच्या सेवेत राहिले, ही गोष्टही विसरता येत नाही.

राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा. त्यानंतरची आठ वर्षे युद्धाची आहेत : बुऱ्हाणपूर, जंजिरा, १६८३ ची गोव्यावरील स्वारी, औरंगजेबाच्या फौजांना रामसेजने दिलेली झुंज. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये बुडाले. मराठ्यांचे राज्य उभे होते. त्याच वर्षअखेरीस वाईनजीक हंबीरराव पडले.

संगमेश्वरास महाराज विलासात मग्न असताना सापडले, असा परंपरागत समज आहे. जेधे शकावली वेगळे सांगते. १६८८ मध्ये शिर्के आणि कवी कलश यांच्यात लढाई जुंपली. कलशाच्या साहाय्यार्थ महाराज रायगडाहून निघाले, शिर्क्यांचा मोड करून खेळण्यास, म्हणजे विशाळगडास गेले आणि परतीच्या वाटेवर संगमेश्वरी १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानाच्या हाती सापडले. शिर्के हे राणी येसूबाईंचे माहेर. घरातील तेढ निवारताना राजा शत्रूच्या हाती लागला. गडकऱ्यांच्या कल्पनेपेक्षा ही घटना अधिक निष्ठुर आहे. बहादूरगडावरील विटंबना, डोळे काढणे आणि ११ मार्चचा भीमाकाठचा वध सर्वांस ठाऊक आहे. वय ३१ होते.

वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे आणि कमल गोखले यांचे १९७१ चे चरित्रग्रंथ आल्यावर जुने चित्र टिकणे शक्य नव्हते. त्याची प्रतिक्रिया म्हणून निष्कलंक वीराचे दुसरे चित्र रूढ झाले. त्यात १६७८ झटपट ओलांडले जाते. ३ जानेवारी २०१७ रोजी पुण्याच्या संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. नाटककाराच्या चुकीचे उत्तर साधनांच्या चिकित्सेने देता येते आणि ते दिले गेलेही होते. ते वाचले किती जणांनी, हा वेगळा प्रश्न.

रायगड नोव्हेंबर १६८९ मध्ये पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. येसूबाई सुटल्या त्या १७१९ मध्ये, तीस वर्षांनी. साताऱ्यास शाहूंनी जी गादी स्थापिली, तिच्याच पदरी राहून चिटणिसांनी आपली बखर लिहिली.