रंगमंचावर माणूस उभा करणारे अण्णा भाऊ

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी तेव्हाच्या सातारा व आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, मांग समाजात झाला. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. वडिलांसह पायी मुंबई गाठून ते गिरणीत राबले आणि दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकले.

नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांची कला घडली. तमाशाचे कलावंत बहुतांशी महार-मांग. वगाचा नायक मात्र बहुधा राजा वा सरदार. रात्री ज्यांच्या कलेला दाद मिळे, त्यांना सकाळी पाणवठ्यावर मज्जाव असे. अमेरिकेत अवहेलनेची रीत निराळी होती. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटात अल जोल्सन या गोऱ्या नटाने तोंडाला काळा रंग फासून गाणी म्हटली. कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या जुन्या खेळांतून ती प्रथा आली होती. तेथे दलिताचा चेहराच हिरावला गेला. येथे चेहरा मंचावर होता, मान नव्हता.

१९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारून अण्णा भाऊंनी हा साचा मोडला. गणातील देवस्तुतीच्या जागी मातृभूमी व हुतात्म्यांना वंदन आले, गवळण गळाली, शेतकरी-कामगार नायक झाला. हसे होऊ लागले ते सावकाराचे व शेटजीचे. पुढे १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत, सरकारदप्तरी गुन्हेगार ठरलेल्या समाजातील तरुण दुष्काळात भुकेल्यांना जगवणारा वीर म्हणून उभा राहिला. ती कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य पुरस्कार लाभला. १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच त्यांचे निधन झाले.

आजही कित्येक स्नेहसंमेलनांत आदिवासी दाखवायचा म्हणून मुलाच्या तोंडाला काजळ फासतात आणि आपणही टाळ्या वाजवतो. अण्णा भाऊंची जयंती साजरी करणाऱ्या पालक-शिक्षकांनी तरी मुलाला मंचावर पाठवण्यापूर्वी विचारावे, की हे हसू नेमके कोणाला पाहून येणार आहे? वसतिगृहात शिकणाऱ्या आपल्या लेकरांना परक्याने रंगवलेला चेहरा नको. त्यांना स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगता यावी. लोकशाहिरांना तेच खरे अभिवादन ठरेल.