सोलापूरहून मालवणला स्कूबाला निघालात? मग समुद्राच्या पोटात ज्यांचं नाव आहे, त्या कान्होजी आंग्रेंची गोष्ट वाचाच

दिवाळी उरकली की सोलापुरातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालवणचा विषय निघतोच. गाडी कोणाची, डिझेल किती, कडक भाकरी आणि शेंगा चटणी कोण आणणार, पोहता येत नसेल तर स्कूबा करता येतं का, यावर दोन दिवस चर्चा चालते. मग कोणीतरी नकाशा उघडतो, मालवण शोधता शोधता बोट चुकून डावीकडे सरकतं आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात एक नाव दिसतं.

अंग्रिया बँक.

समुद्रात बँक म्हटल्यावर एटीएमचे जोक होतात. पण ही बँक म्हणजे समुद्राच्या पोटातलं उथळ पठार. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत, सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. त्याचा सगळ्यात उंच भागसुद्धा पाण्याच्या २० मीटर खाली आहे. त्यावर प्रवाळाची अख्खी वस्ती आहे. महाराष्ट्राच्या बाजूच्या समुद्रातला हा मोठा खजिना, आणि त्याला नाव आहे मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचं.

आता प्रश्न असा, की आपण आंग्रे म्हणतो, मग नकाशावर अंग्रिया कुठून आलं? त्याचं उत्तर कान्होजींच्या आयुष्यात आहे.

गोष्टीचं एक टोक सोलापूर जिल्ह्यातच आहे

सोलापूरहून कोल्हापूरकडे निघालं की मंगळवेढ्याच्या अलीकडे भीमेकाठचं माचणूर लागतं. सिद्धेश्वराच्या दर्शनाला थांबणाऱ्यांना तिथला किल्ला माहीत असतो. याच परिसरात, तेव्हाच्या ब्रह्मपुरीत, औरंगजेबाने १६९५ पासून १६९९ पर्यंत तळ ठोकला होता. दिल्लीचा बादशहा चार वर्षं इथे बसून मराठ्यांचं राज्य कसं संपवायचं याची आखणी करत होता.

बादशहाचं सगळं लक्ष जमिनीवरच्या किल्ल्यांवर होतं. समुद्राची बाजू त्याने जंजिऱ्याच्या सिद्दीवर सोडली होती. आणि नेमक्या याच वर्षांत, कोकण किनाऱ्यावर तिशीच्या आसपासचा एक माणूस मराठ्यांचं आरमार पुन्हा उभं करत होता.

संकपाळांचे आंग्रे झाले

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. अंगारवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडलं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं लहानपण हर्णै आणि सुवर्णदुर्गच्या आसपास गेलं. हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात दिसतो तोच हा सुवर्णदुर्ग.

त्यांच्या तरुणपणाची एक हकीकत कोकणात अजून सांगितली जाते. सुवर्णदुर्गचा किल्लेदार फितूर होऊन किल्ला सिद्दीच्या हवाली करायला निघाला होता. कान्होजींनी त्याचा डाव उधळला आणि किल्ला स्वतः लढवला. या लढाईत ते सिद्दीच्या हाती सापडले, पण निसटले आणि समुद्रातून पोहत परत किल्ल्यात आले. दंतकथेचा भाग किती हे बाजूला ठेवलं, तरी किल्ला सिद्दीला मिळाला नाही आणि कान्होजींचं नाव झालं.

१६९८ च्या सुमारास सरखेल सिधोजी गुजर वारले. छत्रपती राजाराम महाराज तेव्हा राज्य टिकवण्यासाठी झगडत होते. आरमाराची सगळी जबाबदारी कान्होजींकडे आली आणि ते सरखेल झाले. सरखेल म्हणजे आरमारप्रमुख.

मोठ्या जहाजांना छोट्या होड्यांनी घाम फोडला

कान्होजींकडे इंग्रजांसारखी अवाढव्य जहाजं नव्हती. त्यांच्याकडे होते गुराब आणि गलबतं. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, तोफा असलेलं जहाज. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवरही पळणारं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी अडकायचं. अशा वेळी गलबतं गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला आणून सोडायची, कारण तिथून तोफांचा मारा कमी व्हायचा. मग तोफा डागायच्या आणि माणसं वर चढवायची.

उलट मोठं जहाज मागे लागलं तर ही मंडळी खाडीत शिरायची. त्यांचे तळ उथळ पाण्यात चालतील असेच होते. इंग्रजांचं जहाज तिथे आलं की रुतलंच म्हणून समजा. कुठे खडक आहे, कुठे वाळू सरकते, भरतीला कुठून आत जाता येतं हे कोळी, भंडारी अशा किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ होतं, आणि आरमारात हीच माणसं होती.

कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी ठाणी कान्होजींच्या हातात होती. मुंबईच्या तोंडापासून खालचा किनारा त्यांच्या नजरेखालून जायचा.

भांडण एका कागदाचं होतं

कान्होजींचं म्हणणं साधं होतं. या समुद्रातून व्यापार करायचा असेल, तर मराठ्यांचं दस्तक घ्या. दस्तक म्हणजे परवाना. पैसे भरा, कागद घ्या, निवांत जा. कागद नसेल तर जहाज जप्त.

ही पद्धत काही त्यांनी शोधली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना विकत होते, आणि तो नसलेली जहाजं लुटत होते. म्हणजे युरोपातून आलेल्याने परवाना मागितला तर तो कायदा, आणि किनाऱ्याच्या मालकाने मागितला तर ती चाचेगिरी!

ईस्ट इंडिया कंपनीने कान्होजींना चाचा ठरवलं त्याचं कारण इथे आहे. दस्तक घेतलं असतं, तर हा समुद्र मराठ्यांचा आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. पैशांपेक्षा कंपनीला ते जास्त महागात पडलं असतं.

१७१२ साली ही भांडणं टोकाला गेली. मुंबईच्या गव्हर्नरचं अल्जेरिन नावाचं जहाज कारवारकडे निघालं होतं. कान्होजींच्या आरमाराने ते पकडलं. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन त्या चकमकीत मारला गेला आणि त्याची बायको कॅथरीन कैद झाली. तिच्या सुटकेसाठी कंपनीला ३० हजार रुपये मोजावे लागले. १७१३ च्या सुरुवातीला तह झाला, पण तो फार टिकला नाही.

घरातही दोन छत्रपती

१७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांच्या राज्यात दोन गाद्या झाल्या. कान्होजी ताराराणींच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं.

मग नोव्हेंबर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांनी लढाईऐवजी बोलणी केली. दोघांची कोकणातली जुनी ओळख कामी आली. १७१४ मध्ये कान्होजींनी शाहू महाराजांना मानलं, बहिरोपंतांची सुटका झाली आणि कान्होजींची सरखेली व किल्ले त्यांच्याकडेच राहिले. पुढे इंग्रज चालून आले तेव्हा या समेटाची किंमत कळली.

इंग्रज आले, पोर्तुगीज आले, सगळे परत गेले

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. आंग्र्यांना संपवायचंच या इराद्याने त्याने जहाजं बांधायला घेतली. १७१७ मध्ये विजयदुर्गवर हल्ला झाला, तो फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला झाला, तोही फसला. १७२० मध्ये फ्राम नावाचा तरंगता तोफखाना घेऊन इंग्रज पुन्हा विजयदुर्गवर आले. हात हलवत परत गेले.

शेवटी १७२१ मध्ये इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज शाही नौदलाची चार जहाजं घेऊन आला. पोर्तुगीजही सोबत आले. हजारोंची फौज कुलाब्यावर चालून गेली. यावेळी शाहू महाराजांची फौज जमिनीवरून कान्होजींच्या मदतीला धावली आणि पेशवे बाजीरावही पोचले. पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वेगळा तह करून अंग काढून घेतलं आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. तोपर्यंत त्यांची समुद्रावरची सत्ता कोणालाही मोडता आली नव्हती. अलिबागमध्ये त्यांची समाधी आहे.

जे शत्रूला जमलं नाही ते भाऊबंदकीने केलं

कान्होजींनंतर मुलांमध्ये वाद लागले आणि आंग्र्यांची सत्ता कुलाबा आणि विजयदुर्ग अशी वाटली गेली. विजयदुर्गकडे तुळाजी आंग्रे होते. त्यांचं आणि नानासाहेब पेशव्यांचं पटेना. पेशव्यांनी चक्क इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं.

बाळाजी विश्वनाथांनी जे बोलून जोडलं होतं, ते त्यांच्याच नातवाच्या काळात तुटलं. यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं आरमार मराठ्यांकडे राहिलं नाही.

राहिलं ते नाव. इंग्रज आपल्या कागदपत्रांत आंग्र्यांना अंग्रिया लिहायचे. त्याच इंग्रजी धाटणीत ते नाव नकाशावरच्या बुडालेल्या पठारावर बसलं. ज्यांनी त्यांना चाचा म्हटलं, त्यांच्याच भाषेतून ते तिथे टिकलं. पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला आयएनएस आंग्रे नाव दिलं. खांदेरीच्या दीपगृहालाही कान्होजींचं नाव आहे.

तर ट्रिपचं काय?

अंग्रिया बँकेवर मालवणसारखं सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येता येत नाही. ते अंतर आणि खोली हौशी लोकांसाठी नाही. स्कूबा आणि स्नॉर्केलिंग करायचं ते मालवण, तारकर्लीलाच. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मे हा काळ धरा. पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे असं नाही, कारण प्रशिक्षक सोबत असतो. दमा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. परतताना घाट चढावा लागतो आणि खोल किंवा लागोपाठ डाइव्ह केल्यावर लगेच उंचावर जाणं बरं नाही. म्हणून स्कूबा पहिल्या दिवशी उरका, शेवटच्या सकाळी ठेवू नका. दुसरा दिवस विजयदुर्गला द्या. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत विजयदुर्ग आहे, तसेच सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत.

आणि पाण्यात उतरल्यावर प्रवाळाला हात लावू नका, त्यावर पाय देऊ नका. मालवणचा हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ वाढतो फार हळू, आणि तुटतो एका लाथेत.

या समुद्रात शिरायचं तर त्याचे नियम पाळून शिरायचं, एवढंच कान्होजींचं म्हणणं होतं. त्यासाठी ते आयुष्यभर लढले. आपल्याला तर फक्त हात आवरायचे आहेत.