रात्री चालणारा डिकन्स

चार्ल्स डिकन्स म्हटले की आपल्याला 'ऑलिव्हर ट्विस्ट' आठवतो, 'डेव्हिड कॉपरफिल्ड' आठवतो. मला मात्र आठवतो तो मध्यरात्री घराबाहेर पडून उजाडेपर्यंत लंडनभर फिरणारा, झोप हरवलेला डिकन्स.

1812 साली पोर्ट्समथला तो जन्मला. बारा वर्षांचा असताना वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि हे पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबले चिकटवू लागले. ही गोष्ट त्याने दडवून ठेवली. जगाला ती कळली त्याच्या मृत्यूनंतर, मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. पंचविशीतच कीर्ती आली, पुढे दहा मुले झाली. दिवस घड्याळावर चाले. सकाळी नवाला टेबलाशी, दुपारी दोनला लेखणी खाली, मग मैलोगणती फिरणे. इतका शिस्तीचा माणूस, पण रात्र काही त्याच्या शिस्तीत बसेना.

1851 च्या मार्चअखेर वडील वारले. पंधरा दिवसांत तान्ही डोराही गेली. 1860 साली 'नाइट वॉक्स' या लेखात त्याने मनाला बसलेल्या धक्क्याने झोप उडाल्याची, मार्चमधल्या ओल्या थंडीतल्या भटकंतीची हकिकत सांगितली. वॉटर्लू पुलावरच्या नाकेदाराशी दोन शब्द बोलावे, न्यूगेट तुरुंगाची भिंत चाचपावी, पहाटे कॉव्हेंट गार्डनच्या मंडईत कॉफी घ्यावी. तिथे टोपल्यांत अनाथ पोरे झोपलेली असत. किंग्ज बेंच या कर्जदारांच्या तुरुंगाकडेही त्याचे पाय वळले. बापाला कर्जापायी गजाआड पाहिलेला माणूस रात्री तिकडेच जातो, यात मला योगायोग वाटत नाही.

आता गंमत पाहा. अंथरुणात पडून झोपेशी झगडलो असतो तर हे दुखणे लांबले असते, उठून बाहेर पडलो म्हणून ते लवकर आटोपले, असे त्याचे म्हणणे. 1972 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी नेमका हाच धागा धरला. रोज तळमळत पडले की मेंदू बिछान्याची सांगड जागरणाशी घालतो. म्हणून झोप येत नसेल तर उठावे, दुसऱ्या खोलीत शांत बसावे, डोळे जड झाले की परतावे. सकाळी मात्र ठरल्या वेळी उठायचेच, रात्र कशीही गेलेली असो. पुढे आर्थर स्पीलमन यांनी बिछान्यातला वेळच प्रत्यक्ष झोपेइतका आखडायला सांगितले. याला जोड मिळाली ती, आज झोपलो नाही तर उद्याचा दिवस बुडालाच, असल्या विचारांना तपासून पाहण्याची. हीच निद्रानाशावरची कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी. सहा-आठ आठवड्यांची, झोपेची रोजनिशी ठेवून करायची. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी हीच द्यावी, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली सांगितले.

डिकन्सच्या हाती यातले अर्धेच लागले होते. तो उठे, पण डोळे जड झाले म्हणून परतत नसे, दमून सूर्योदयाला परते. आणि डोक्यातला कोलाहल पायांनी किती थकणार?

1857 च्या ऑक्टोबरात तो पुन्हा उसळला. पत्नी कॅथरिनशी बिनसले होते. रात्री दोनला तो बिछान्यातून उठला आणि लंडनहून गॅड्स हिलच्या घरापर्यंत, सुमारे तीस मैल, चालत गेला. पुढच्याच वर्षी नवरा-बायको वेगळे झाले.