टपालखात्यातला बंडखोर

पावसाळ्यापूर्वी स्टेशनच्या इमारतीवरचा तडितवाहक आणि त्याचे अर्थिंग तपासायचे, हे माझे दरवर्षीचे काम. ती सळई ज्याच्या डोक्यातून निघाली त्या बेंजामिन फ्रँकलिनची ओळख डिप्लोमाच्या पुस्तकातली. तो सरकारी नोकर होता आणि बडतर्फ झाला होता, हे मात्र फार उशिरा वाचले.

१७०६ साली बोस्टनला मेणबत्त्या करणाऱ्याच्या घरी जन्म. शाळा जेमतेम दोन वर्षे, मग भावाच्या छापखान्यात उमेदवारी. १७५३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने अमेरिकन वसाहतींचे टपालखाते त्याच्याकडे व आणखी एकाकडे सोपवले. त्याने रात्रीही टपाल धावते केले, तोट्यातले खाते नफ्यात आणले. (आम्हा रेल्वेवाल्यांना याची किंमत कळते!) राजनिष्ठ तर इतका, की १७६५ मध्ये पार्लमेंटने वसाहतींना न विचारता स्टँपकर लादला, तेव्हा वसुलीचे काम यानेच एका मित्राला मिळवून दिले. लोक खवळले. तो लंडनला, आणि इकडे फिलाडेल्फियात घरावर जमाव येणार म्हणून पत्नी डेबोरा बंदुका जवळ ठेवून बसलेली. तेव्हा त्याचे डोळे उघडले. १७६६ मध्ये पार्लमेंटपुढे त्याने वसाहतींची बाजू मांडली, कर रद्द झाला. पण पुढच्याच वर्षी काच, कागद, रंग, चहा यांवर नवे कर आले.

डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनकरांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. फ्रँकलिनला हे पसंत नव्हते. भरपाई द्यावी असेच त्याचे मत. तरी २९ जानेवारी १७७४ रोजी लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची निर्भर्त्सना झाली. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची खासगी पत्रे त्याने बोस्टनला पाठवली होती. माझ्या मते ती चूकच. पण सरकारी वकील वेडरबर्न तासभर बोलत राहिला, सरदार हसत राहिले, आणि ६८ वर्षांचा हा माणूस अवाक्षर न काढता उभा राहिला. दोन दिवसांत नोकरी गेली. खातेनिहाय चौकशीला कधी उभे राहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. त्याच वर्षी त्याचा मुलगा विल्यम, न्यू जर्सीचा गव्हर्नर, राजाशी इमान राखले म्हणून कैदेत पडला. बापाने शब्द टाकला नाही. इथे मात्र मला तो परका वाटतो. १७८५ मध्ये फ्रान्सहून परतताना साउथहॅम्प्टनला दोघे भेटले, ते जमिनीचा आणि देण्याघेण्याचा हिशेब मिटवायला. १७९० मध्ये फ्रँकलिन वारला, तोवर पुन्हा भेट झाली नाही.