स्मृतिदिन विशेष : घरं मोजून पटकीचं मूळ सांगणारे डॉ. जॉन स्नो

इंग्लंडमधील यॉर्क शहरात १५ मार्च १८१३ रोजी एका मजुराच्या घरी जॉन स्नो यांचा जन्म झाला. पुढे ते लंडनमध्ये डॉक्टर झाले. पटकी, म्हणजेच कॉलरा, घाणेरड्या हवेनं होतो असं तेव्हा भले भले डॉक्टर मानत. स्नो यांचा संशय मात्र पाण्यावर होता.

१८५४ ची साथ आली. दक्षिण लंडनमधील कित्येक गल्ल्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारी-शेजारी होते. हवा एकच, पाणी वेगळं. साउथवार्क-वॉक्सहॉल कंपनी शहराची घाण मिसळलेलं थेम्स नदीचं पाणी द्यायची, तर लॅम्बेथ कंपनी शहराच्या वरच्या अंगाचं. मृत्यू झालेल्या घरी कोणाचं पाणी येतं, हे स्नो यांनी दारोदार फिरून विचारलं.

पहिल्या सात आठवड्यांत साउथवार्क-वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. घरांची संख्या सारखी नाही, मग तुलना कशी करायची? त्यांनी दर १०,००० घरांमागे मृत्यू काढले : ३१५ आणि ३७. साडेआठ पट फरक!

तरीही सरकारी आरोग्य मंडळानं ते मानलं नाही. १६ जून १८५८ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी स्नो गेले. त्यांची हिशेबाची रीत मात्र टिकली. आजही गावात रुग्ण किती, यासोबत लोकसंख्या किती, हे विचारल्याशिवाय साथीचा जोर कळत नाही.